वेसमामाचे चार दात

माझ्या मामाचे समोरचे चार दात माझ्या वडिलांनी पाडले. १९४८ सालच्या सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, पोर्ट मेरिनच्या मैदानावर, फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या तिसऱ्या सत्रात. त्या वेळी ते दोघे एकमेकांचे कुणीच नव्हते. वडील तेवीस वर्षांचे होते, मामा बावीसचा. माझ्या आईनं हे सगळं मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलं आणि दोन वर्षांच्या आत दात पाडणाऱ्याशी लग्न केलं. आमच्या बार्लीच्या मुलखात ही हकिगत अजून सांगितली जाते. पण सांगणारे लग्नापाशी थांबतात आणि मामा तिथंच मागे राहून जातो. म्हणून मी त्याच्याबद्दल लिहिते आहे.

मामाचं पूर्ण नाव वेस्ली नॅनकिव्हल. नॅनकिव्हलांची पोर्ट मेरिनला बेकरी होती. आजोबांचे आजोबा तांबं खणायला कॉर्नवॉलहून दक्षिण ऑस्ट्रेलियात आले. पुढे तांबं संपलं, खाण बंद पडली, पण त्या लोकांनी बरोबर आणलेल्या दोन गोष्टी गावात टिकल्या: मेथडिस्ट चर्च आणि पितळी वाद्यांचा बँड. माझे आजोबा सायलस दोन्हीकडे पुढे असत. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर आणि मंगळवारी संध्याकाळी गावच्या सभागृहात, हातात काठी घेऊन बँडसमोर. दारू, नाच, पत्ते यांतलं काही त्यांना चालत नसे. बेसूर माणूस तर त्याहून चालत नसे.

मामाच्या हातात त्यांनी सातव्या वर्षी कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारीसारखं पितळी वाद्य, दिलं. सतराव्या वर्षी मामानं राज्याच्या स्पर्धेत एकल वादनाचं पदक मिळवलं. आजोबांनी ते बेकरीच्या काउंटरमागे, पावांच्या फळीच्या वर, खिळ्याला अडकवलं. पीठ उडून उडून ते पांढरं व्हायचं आणि आजी दर शनिवारी फडक्यानं पुसायची.

मामाला फुटबॉलही तितकाच आवडायचा. आमचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, उंच उडी मारून हवेत चेंडू धरण्याचा. मामा अंगानं किडकिडीत होता, पण उडी अशी, की खालच्या माणसाच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर जायचा. आजोबांचा याला विरोध होता. ओठ आणि दात ही बँडची मालमत्ता आहे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी आजीनं मधला मार्ग काढला. मामानं खेळावं, पण मध्यंतराला बँड वाजतो तेव्हा आपल्या खुर्चीवर हजर राहावं.

त्यामुळे तीन वर्षं पोर्ट मेरिनच्या लोकांनी दर शनिवारी एक देखावा पाहिला. मध्यंतराची शिटी झाली की बाकीचे खेळाडू संत्र्याच्या फोडी चोखत गवतावर आडवे होत आणि मामा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळत सुटे. चिखलानं भरलेल्या जर्सीवर बँडचा निळा कोट चढवायचा, पितळी बटणं लावायची, कॉर्नेट उचलायचं. छाती अजून धपापत असायची.

“मोजे वर ओढ,” आजोबा काठी उचलायच्या आधी म्हणत.

दुसऱ्या संघाचे लोक त्याला ‘पिपाणी’ म्हणायचे. “ए पिपाणी, चेंडूत नको फुंकूस!” असं ओरडायचे. मामा हसायचा. त्या वेळी त्याचं हसू चांगलं होतं, असं आई म्हणे.

अंतिम सामना विनाराशी होता. विनारा पोर्ट मेरिनपासून आत, अठरा मैलांवर. तिथं सगळे जर्मन वंशाचे शेतकरी, लुथरन पंथाचे, जाडजूड, बिअर पिणारे. आमचे गाववाले त्यांना ‘कोबी’ म्हणत. आता ‘आमचे’ कुणाला म्हणायचं, हा माझ्यापुढे नेहमीचा प्रश्न आहे. मी आर्नो क्लाइनिगची मुलगी. म्हणजे बापाकडून कोबी, आईकडून पिपाणी.

तिसऱ्या सत्रात खांबांच्या जवळ एक उंच चेंडू आला. मामा आणि वडील दोघंही त्याच्यासाठी उडाले. खाली आले तेव्हा मामा तोंडावर हात धरून गुडघ्यांवर बसलेला होता आणि वडील शेजारी उभे राहून आपल्या कोपराकडे बघत होते. आजीनं रुमाल घेऊन गवतात शोधाशोध केली. तिला तीन दात सापडले. चौथा मिळाला नाही.

आजोबा बँडच्या खुर्च्यांपाशीच उभे होते. ते मैदानावर गेले नाहीत. सामना संपल्यावर विजेत्यांसाठी बँड वाजवायचा असतो. विनारा जिंकला होता. आजोबांनी कॉर्नेटशिवाय सगळा कार्यक्रम पार पाडला आणि घरी आले. राज्याची स्पर्धा पाच आठवड्यांवर होती. त्या दिवसापासून ते मामाशी बोलेनासे झाले.

हे न बोलणं सोपं नव्हतं, कारण दोघं रोज एकाच टेबलावर पीठ मळायचे. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला मुलगा, मध्ये कणकेचा गोळा. सगळं बोलणं आयव्हीआजीच्या मार्फत चालायचं.

“त्याला सांग, भट्टी तापली.”

“वेस, भट्टी तापलीय.”

“त्यांना सांग, मला दिसतंय.”

“त्याला दिसतंय, सायलस.”

पहिले काही महिने आजीनं हे निभावलं. एकदा वैतागून “मी काय टपालखातं आहे का?” असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिच्यामागे अर्धा तास दोघं एक शब्द न बोलता पाव घडवत राहिले. ते पाव नेहमीपेक्षा चांगले झाले, असं आजी पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

सामन्यानंतरच्या शनिवारी दुपारी बेकरीसमोर एक ट्रक थांबला. माझे वडील रविवारच्या कोटात उतरले. हातात त्यांच्या आईनं दिलेला कूखन, म्हणजे जर्मन केक होता, वर लोणी-साखरेचा चुरा पेरलेला. काउंटरवर माझी आई एनिड होती, वय वीस.

“वेस आहे का?”

“दातांच्या डॉक्टरकडे गेलाय. तुम्ही कोण?”

“आर्नो क्लाइनिग. विनाराहून आलो.”

“म्हणजे ते कोपर तुमचं.”

“हो. हे.” वडिलांनी उजवा हात जरा वर करून दाखवला. तो दाखवायला नको होता, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

आईनं कूखनाकडे पाहिलं. “आणि बेकरीत केक घेऊन आलात?”

“आई म्हणाली, रिकाम्या हातानं जाऊ नकोस.”

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. त्या वेळी मामा घरी होता. दोघांनी हात मिळवले.

“दुखतं का रे?”

“जेवताना.”

“माफ कर.”

“असू दे.”

त्यांच्यात या विषयावर एवढंच बोलणं झालं, आणि त्यापुढच्या पन्नास वर्षांत दुसऱ्यांदा झालं नाही. पण वडील तिसऱ्या शनिवारी आले आणि चौथ्याही. चौथ्या खेपेला आईनं विचारलं, “तुमच्यात माफी किती वेळा मागतात?”

“चार दात होते. एकाला एक खेप.”

“मग आज संपलं?”

“हिशेबानं संपलं.”

पाचव्या शनिवारी ट्रक पुन्हा दारात. आई काउंटरवरून ओरडली, “आता कुठला दात राहिला?”

“अक्कलदाढ,” वडील म्हणाले. “माझीच. अजून आलेली नाही.”

ऑक्टोबरात बँड कॉर्नेटच्या मुख्य वादकाशिवाय स्पर्धेला गेला आणि आठांत सातवा आला. नोव्हेंबरात मामाची कवळी तयार झाली. चार दातांची, गुलाबी हिरड्यांची. मामा रोज दुपारी काम आटोपलं की कॉर्नेट घेऊन जेटीवर जायचा, गहू-बार्लीची गलबतं लागतात त्या लांब लाकडी धक्क्याच्या टोकापर्यंत. तिथं मासे धरणारे म्हातारे बसलेले असत. त्यांच्यापैकी एकानं मला सांगितलं, की पहिले आठ दिवस नुसता वारा यायचा. मग एखादा सूर यायचा आणि फुटायचा. कॉर्नेटची फुंकायची वाटी ओठांवर दाबली की कवळी आत सरकायची. सैल धरली तर सूर धरत नसे. म्हातारे लोक मुद्दाम पाण्याकडे बघत बसायचे.

असा एक महिना गेला. एके दिवशी तो परत आला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉर्नेट सुटं करून पुसलं, तेल घातलं, पुन्हा जोडलं आणि आईपुढे ठेवलं.

“गाल फुगवायची सवय गेलीय का तुझी?”

“का?”

“नसली गेली तर घालवावी लागेल. उद्यापासून बसू.”

आईला वाजवता यायचं. लहानपणी पिठाच्या कोठीत दोघं एकत्र सराव करायचे, एक कॉर्नेट आलटून पालटून. मामा बँडमध्ये गेला, आई नाही, कारण बँडमध्ये मुली घेत नसत. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो बदलताही येत नव्हता. तीन महिने पिठाच्या कोठीत मामानं तिला शिकवलं. आई सांगायची, की तो स्वतः वाजवून दाखवू शकत नसल्यामुळे सगळं हातांनी आणि शब्दांनी सांगायचा. चिडायचा मात्र कधीच नाही. त्याचं न चिडणंच तिला जड जायचं. एकदा तिनं वैतागून विचारलं, “तुला राग येत नाही का रे माझा?” तो म्हणाला, “तिसरी ओळ पुन्हा घे.”

मार्च महिन्यात, एका मंगळवारी, बँडची तालीम सुरू होण्याआधी सभागृहाच्या बाजूच्या चहाच्या खोलीतून कॉर्नेट ऐकू आलं. स्पर्धेचाच तुकडा होता. खुर्च्यांवर बसलेले लोक वाद्यं मांडीवर ठेवून ऐकायला लागले. पोस्टमास्तर डन्स्टन बँडचे चिटणीस होते. ते उभे राहिले.

“पोरगा परत आला की, सायलस! दात बसले त्याचे!”

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मान कलती करून दहा-बारा सूर ऐकले.

“हा वेस नाही,” ते म्हणाले. “वेस इथं श्वास घेतो. त्याला हजारदा सांगितलं, घेऊ नकोस. ही एनिड आहे.”

चहाच्या खोलीचं दार उघडलं. मामा बाहेर आला, मागून आई, हातात कॉर्नेट. डन्स्टन अजून उभेच होते.

“पण मुलगी, सायलस… गणवेशाचं काय?”

“कोट आहे ना? कोटाला काय झालं?”

“खाली पँट आहे.”

“खाली स्कर्ट घालेल. लोक काय बँडचे पाय ऐकायला येतात?”

आई पहिल्या खुर्चीवर बसली. मामा भिंतीपाशी उभा होता. आजोबांनी त्याच्याकडे न बघता डन्स्टनना सांगितलं, “ट्यूबा वाजवणारा जेनकिन ॲडलेडला चाललाय. ट्यूबाची वाटी मोठी असते. दातांवर भार येत नाही. हे कुणाला तरी सांगून ठेवा.”

मामा शेवटच्या रांगेत जाऊन बसला. तिथं तो पुढची तीस वर्षं बसला.

त्या साली स्पर्धेत बँड दुसरा आला. आजोबा इतके खूश झाले, की त्यांनी रविवारी चर्चमधून येताना दोन लोकांना नमस्कार केला, असं आजी म्हणायची. आणि नोव्हेंबरात वडील कोट घालून आले ते थेट आजोबांकडेच. त्यांनी एनिडला मागणी घातली.

आजोबा नाही म्हणाले. लुथरन आहे, हे एक. गाण्याचं अंग नाही, हे दुसरं, आणि ते खरंच होतं. माझे वडील चर्चमध्ये नुसते ओठ हलवायचे. तिसरं कारण सांगायची गरज नव्हती, पण आजोबांनी सांगितलं. “या माणसानं माझा एक कॉर्नेट मोडला. आता दुसरा न्यायला आलाय.”

वडील परत गेले. आई दोन दिवस काउंटरवर लाल डोळ्यांनी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत पीठ मळता मळता मामा बोलला. आजीला मध्ये न घेता, थेट. आई दाराच्या या बाजूला मटण-बटाटा भरलेल्या पेस्ट्या मोजत होती, तिनं सगळं ऐकलं.

“डॅड, आधी हात मी मारला.”

आजोबांचे हात थांबले.

“चेंडूसाठी आम्ही दोघं वर गेलो. मला कळलं, की तो माझ्यापेक्षा वर जाणार. म्हणून मी कोपर घातलं. माझं हुकलं. त्याचं लागलं. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.”

 मग चौदा महिन्यांत पहिल्यांदा आजोबा मुलाशी बोलले.

“तू आधी मारलंस?”

“हो.”

“आणि हुकलं?”

“हो.”

“तीन फुटांवरून?” आजोबा म्हणाले. “मग तुला फुटबॉल कशाला खेळायचा होता?”

ते पुन्हा मळायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, “पाणी घाल जरा. कोरडं होतंय.” त्यांचं बोलणं असं सुरू झालं. समेट वगैरे कुणी म्हटलं नाही.

मे महिन्यात लग्न झालं. सभागृहात मेथडिस्टांसाठी चहा आणि सँडविचेस होती. मागे, मिरीच्या झाडांखाली, विनाराच्या लोकांनी बिअरचं पिंप लावलं होतं. संध्याकाळ होईपर्यंत बरेचसे मेथडिस्ट मागची झाडं बघून आले. डन्स्टननी भाषणात सांगितलं, की विनाराच्या एका कोपरानं पोर्ट मेरिनचे दोन कॉर्नेट नेले आणि आता निदान तिसरा तयार होईपर्यंत तरी ते कोपर घरी ठेवावं. सगळे हसले. मामा शेवटच्या रांगेत ट्यूबाच्या मागे होता, त्यामुळे तो हसला की नाही ते कुणाला दिसलं नाही.

मी १९५२ साली जन्मले, माझा भाऊ डेनिस चौपन्न साली. मला आठवणारा मामा दर रविवारी दुपारी पावाची गाडी घेऊन आमच्या शेतावर येणारा. तो व्हरांड्यात वडिलांच्या शेजारी बसायचा. दोघं पावसाबद्दल बोलायचे. पाऊस बहुधा पडलेला नसायचा. नाताळच्या दिवशी, उन्हानं पत्रे कडकडत असताना, आम्ही अंगणात क्रिकेट खेळायचो आणि मामा पाण्याच्या टाकीच्या सावलीत क्षेत्ररक्षणाला उभा राहायचा, जिथं चेंडू येण्याची शक्यता सगळ्यात कमी. जेवायला बसलो की मटण कापायचं काम वडिलांचं. पहिले मऊ तुकडे ते न बोलता मामाच्या ताटात टाकत. मला वाटायचं, पाहुणा म्हणून. कारण मला खूप उशिरा कळलं.

बारा वर्षांची असताना मी त्याला विचारलं होतं, कॉर्नेट गेल्याचं वाईट वाटतं का. तो म्हणाला, “कॉर्नेट वाजवताना सगळे माझ्याकडे बघायचे. आता मागून मला सगळे दिसतात.” उत्तर छान होतं. पण ते इतक्या चटकन आलं, की त्यानं ते कधीतरी आधीच तयार करून ठेवलं असावं.

आजोबा एकसष्ट साली गेले. बेकरी मामाकडे आली. फुटबॉल त्यानं दात गेले त्याच दिवशी सोडला होता, पण मैदान सोडलं नव्हतं. तो गोलपंच झाला. पांढरा लांब कोट, पांढरी टोपी, खांबांच्या मधोमध उभं राहायचं. चेंडू मधल्या दोन खांबांतून स्वच्छ गेला तर दोन बोटं, सहा गुण. खांबाला लागला किंवा बाजूनं गेला तर एक बोट, एक गुण. प्रत्येक संघ आपला एक गोलपंच देई. पोर्ट मेरिनचा तो.

१९७३ साली पुन्हा अंतिम सामना या दोन गावांत लागला. डेनिस विनाराकडून खेळत होता. शेवटचं मिनिट, विनारा तीन गुणांनी मागे, चेंडू डेनिसच्या हातात, आणि पुढच्या खांबांपाशी आमचा मामा. डेनिसनं लाथ मारली. चेंडू उंच गेला, खांबाच्या अगदी लगत आत शिरला. विनाराच्या लोकांनी टोप्या उडवल्या. मामा जागचा हलला नाही. मग त्यानं एक बोट वर केलं.

त्यानंतर जे झालं ते मी कडेला उभी राहून पाहिलं. विनाराची माणसं मैदानावर धावली. “पोर्टचा पंच! विकला गेलेला!” “म्हाताऱ्या, जुनं उट्टं काढलंस काय?” एकानं त्याची टोपी पाडली. मामानं ती उचलली, झटकली आणि परत घातली. गुण दाखवायचे दोन झेंडे गुंडाळून काखेत धरले आणि चालायला लागला.

संध्याकाळी विनाराच्या क्लबात सगळे जमले होते. कुणी म्हणालं, उद्यापासून नॅनकिव्हलचा पाव घ्यायचा नाही. माझे वडील बिअर घेऊन कोपऱ्यात बसले होते. ते कमी बोलणारे होते आणि सभेत तर कधीच बोलत नसत. ते उठले.

“मी खांबांच्या मागेच होतो, ट्रकमध्ये. चेंडू लागला. टक असा आवाज झाला.”

“तुझा मेव्हणा म्हणून बोलतोस, आर्नो.”

“माझा मुलगा म्हणून उलटं बोलायला हवं ना मी?” वडील म्हणाले आणि खाली बसले.

तरी अर्ध्या विनारानं वर्षभर पाव घेतला नाही. मामाची गाडी त्यांच्या फाटकांवरून न थांबता पुढे जायची. डेनिस ख्रिसमसपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. नाताळच्या जेवणाला त्यानं सरळ विचारलं, “मामा, खरंच लागला होता?”

“लागला.”

“तुला दिसलं?”

“नाही. उन्हात डोळे दिपले होते. ऐकलं.”

“एवढ्या गोंगाटात?”

“गोंगाटात काय, सगळे एकाच सुरात ओरडत होते. लाकडाचा आवाज वेगळा येतो.” मग तो म्हणाला, “लाथ मात्र चांगली होती. वारा डावीकडून होता, तू जरा जास्त धरलास त्याला.”

डेनिस उठून बाहेर गेला. थोड्या वेळानं चेंडू घेऊन आला आणि दोघं शेताच्या कुंपणापर्यंत जाऊन अंधार पडेपर्यंत वाऱ्याचा विचार करत लाथा मारत राहिले. मामा त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचा होता, कवळी खिशात ठेवून खेळत होता.

त्यानं लग्न केलं ते पुढच्या वर्षी. कोरल हेविट शाळेची बस चालवायची. विधवा होती, दोन मोठी मुलं शहरात. ती रोज सकाळी मुलांना घ्यायला जाण्याआधी बेकरीत येऊन एक पेस्टी घ्यायची आणि बसच्या पायरीवर बसून खायची. अकरा वर्षं हे चाललं होतं. मग एके दिवशी मामानं दोन पेस्ट्या घेतल्या आणि तिच्याशेजारी जाऊन बसला. हे मला कोरलनं सांगितलं. लग्नाला आठ माणसं होती. आईनं चर्चमध्ये पेटी वाजवली, वडिलांनी ओठ हलवले.

बँड एकोणऐंशी साली बंद पडला. वाजवणारी पोरं शहरात गेली आणि उरलेल्यांना रेकॉर्डप्लेअर पुरत होता. वाद्यं शाळेला देऊन टाकली. मामानं कुरकुर केली नाही. ट्यूबा वजनानं फार आहे, खांदा दुखतो, एवढंच म्हणाला. पुढे दोन्ही गावांत अठरा माणसं जमेनाशी झाली आणि फुटबॉलचे संघही एक झाले. जर्सीच्या रंगावरून पाच सभा झाल्या. मामा समितीवर होता. चार सभांत तो एक शब्द बोलला नाही, पाचवीला उशिरा पोचला आणि मतदान आधीच झालं होतं.

आमच्या सगळ्यांच्या लेखी वेसमामा अबोल माणूस होता. आई म्हणायची, तो मुळात बडबड्या होता, पण दात गेल्यावर ‘स’ म्हणताना शिट्टी यायची, म्हणून बोलणं कमी केलं आणि मग तीच सवय लागली. मी हे खरं मानत आले होते.

तो दोन हजार तीनच्या जूनमध्ये गेला, दवाखान्यात, आठ दिवसांच्या आजारानं. मी जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स होते, शेवटचे दोन दिवस मीच ड्यूटीवर होते. कोरल खुर्चीवर बसून विणत होती. मामा झोपला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “तुला इतकी वर्षं घर फार शांत वाटलं असेल नाही, कोरलमामी?”

तिनं सुया थांबवल्या.

“शांत? कुणाचं घर?”

“म्हणजे, मामा काही बोलत नाही ना फारसा.”

“वेस?” कोरलनं पलंगाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, माझं डोकं तपासावं तसं. “अगं, एकोणतीस वर्षांत या माणसानं मला रेडिओवरची एक बातमी धड ऐकू दिलेली नाही. सकाळी डोळा उघडला की सुरू. पाव कसा फुगला, कोण काय म्हणालं, आर्नोनं काय चुकीचं पेरलं, तुझ्या आईनं पेटीवर कुठं चूक केली. जेवताना बोलतो, आंघोळीत बोलतो. मी बसमध्ये जाऊन बसायचे, जरा शांतता मिळावी म्हणून.”

“आम्हाला तर कधी…”

“तुमच्याकडे बोलायचं काय त्याला?” ती पुन्हा विणायला लागली. “तुमच्याबद्दलच तर बोलायचा सगळं.”